बत्तिसावा अभिप्राय

फोटो पाठवण्याआधी चार माणसांना दाखवावेत, एवढंच मला बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, भावाने सांगितलं होतं. चार. त्या चाराचे एकतीस कसे झाले ह्याचा खुलासा मी आजवर कोणाला दिलेला नाही. पण वही माझ्याकडे आहे आणि वहीत सगळं आहे.

वही दोनशे पानी. पहिल्याच पानावर मी चार रकाने आखले: नाव, अभिप्राय, त्यावर केलेली कार्यवाही, आणि 'विमानात बसले आहेत का?' हा शेवटचा रकाना जाणकार आणि बिनजाणकार वेगळे काढता यावेत म्हणून घातला होता. शेतीखात्यात सोळा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला रकाना आखल्याशिवाय दुसऱ्याचं म्हणणं ऐकूच येत नाही.

फोटो होते फवारणीच्या विमानाचे. शहाऐंशी सालापासून धरणगावकडे कपाशीवर विमानाने औषध मारायचं काम चाललं होतं आणि माझी नेमणूक निशाणावर होती. निशाण म्हणजे लांब काठीला बांधलेलं पांढरं फडकं. बांधावर उभं राहून ते हलवायचं. वैमानिक त्या खुणेवर विमान सरळ धरतो, आपल्या डोक्यावरून जातो, आपण मोजून वीस पावलं बाजूला सरकायचं, की तो पुन्हा येतो. चार हंगाम मी हे केलं. विमान इतक्या खालून जायचं की टोपी धरावी लागायची, आणि घरी गेल्यावर कुंदा मला आधी मोरीत पाठवायची, मग बोलायची.

हजारदा विमान डोक्यावरून गेलं की माणसाच्या डोक्यात काहीतरी राहतंच. एकदा धीर करून मी वैमानिकाला विचारलं, एक चक्कर मलाही घेऊन माराल का? हैदराबादकडचा माणूस, बोलायला गोड. त्याने मला हाताला धरून विमानापाशी नेलं आणि आत डोकवायला लावलं.

"देखिए भाऊसाब, सीट एक ही है."

खरंच एकच होती. बाकी सगळी जागा औषधाच्या टाकीला. त्या विमानात टाकी बसते आणि हा शालिग्राम बसत नाही, ही गोष्ट मी निमूटपणे स्वीकारली. ज्यात बसता येत नाही त्याचा निदान फोटो काढावा, एवढंच माझ्या हातात उरलं.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात आलं. मुंबईचं एक हौशी विमान-मंडळ विमानांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होतं. चार फोटो, काळे-पांढरे, दहा बाय बारा. परीक्षक स्वीकारतील तेवढेच लागणार, आणि ज्याचा एक तरी फोटो स्वीकारला जाईल त्याला क्लबच्या विमानातून पंधरा मिनिटांची सफर, सोबत एक व्यक्ती.

कुंदाने ते कात्रण दोनदा वाचलं.

"सोबत एक व्यक्ती म्हणजे कोण?"

"तूच की."

"मग बघा," ती म्हणाली आणि कात्रण तिने मिसळणाच्या डब्याखाली ठेवलं. तिथे ती फक्त रेशनकार्ड ठेवते.

कॅमेरा कुंदाच्या भावाचा. तो दीपनगरला वीज केंद्रात आहे. लेक सासरी पाठवताना कराव्यात तितक्या सूचना करून त्याने तो माझ्या ताब्यात दिला. ऊन दाखवू नका, धूळ दाखवू नका, जोरात बोलू नका. ह्या कॅमेऱ्यात वरून खाली वाकून काचेत बघायचं असतं आणि काचेत सगळं उलट दिसतं. विमान डावीकडून यायचं, काचेत उजवीकडून. मी काचेतल्या विमानामागे वळायचो आणि खरं विमान माझ्या पाठीमागून निघून जायचं. निशाण तेवढ्यापुरतं निंबा नावाच्या गड्याकडे दिलं होतं. तो नंतर तीन दिवस गावात सांगत होता की साहेब विमानाकडे पाठ करून त्याचा फोटो काढतात.

बारा फोटोंचा रोल. तीनमध्ये नुसतं आभाळ. एकात माझा अंगठा, एकात निशाण. सहांमध्ये विमान आलं. आणि बारावा फोटो कुंदाचा. ती त्या दिवशी माहेरी, धरणगावलाच होती. माझा डबा घेऊन बांधावर आली आणि तेवढ्यात विमान आलं. मी वळता वळता बटण दाबलं. वरच्या कडेला विमानाची नुसती शेपटी, आणि खाली कुंदा, डोळ्यांवर हाताचा आडोसा, तोंड वर.

म्हणजे सात होते, चार निवडायचे होते. इथून वही सुरू होते.

आमच्या भागात फोटो काढतात तो पसंतीला पाठवण्यासाठी. पिंप्राळ्यात जीवरामचा स्टुडिओ आहे तो त्यावरच उभा आहे. जीवराम फोटो काढतो तो नावाला, खरं काम तो नंतर करतो. बारीक टोकाची पेन्सिल घेऊन तो निगेटिव्हवर बसतो आणि मुलींच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण भरून काढतो. खेड्यात आजीने हौसेने गोंदवलेलं असतं आणि आता शहरातल्या मुलाला ते नको असतं. देवीचे व्रण काढतो, चष्म्याचे वण काढतो. माझ्या लग्नाच्या वेळी त्याने माझे कान काढले. म्हणजे अगदी काढले नाहीत, डोक्याला चिकटवले. त्या फोटोवर कुंदाच्या घरून होकार आला आणि मांडवात अंतरपाट खाली झाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्या कानांकडे पाहिलं. त्यानंतर आजतागायत भांडण कशावरूनही सुरू झालं तरी ते "फोटोत कान वेगळे होते" इथेच येऊन थांबतं.

तर विमानाचे फोटो आमच्या आळीने ह्याच नजरेने पाहिले. शेजारच्या प्रमिलाबाईंनी तीसेक स्थळं जुळवली आहेत. त्यांनी सातही फोटो ओट्यावर मांडले आणि चहा येईपर्यंत मान हलवली नाही.

"सगळे बाजूने काढलेत, शालिग्राम भाऊ. एक समोरून पाहिजे. नाहीतर तिकडचे म्हणतात, दुसऱ्या बाजूला काही असेल."

"दुसऱ्या बाजूलाही पंखच आहे, अक्का."

"ते तुम्हाला माहीत. रंग कसा आहे?"

"पिवळा."

"फोटोत सावळं आलंय. जीवरामला सांगा उजळून द्यायला. आणि ह्यात नाक फार वर आहे. गर्विष्ठ वाटतं."

मी सगळं लिहून घेतलं. मग चौथा रकाना विचारला. अक्कांनी बशी खाली ठेवली. "नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, मी पेन बंद केल्यावर, "पण स्वप्नात दोनदा. दुसऱ्यांदा तर खिडकीपाशी होते." मी पेन उघडून तेही लिहिलं.

समोरचे तोताराम आबा भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो पाहिलेच नाहीत, पाकीट पाहिलं. हे पाकीट मुंबईपर्यंत टिकणार नाही, आत दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाला, वर बाण काढा म्हणाले. विमानात बसलात का विचारल्यावर, "नाही. पण एकदा विमानाचं एक चाक आमच्याकडून कलकत्त्याला गेलं. मी हात लावून पाहिला," असं म्हणून त्यांनी तो हातही दाखवला.

माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. लोक अभिप्राय अर्ध्या मिनिटात द्यायचे आणि चौथ्या रकान्याशी अर्धा अर्धा तास बसायचे. कोणी नुसतं 'नाही' म्हणत नव्हतं. 'नाही'च्या पुढे प्रत्येकाचा एक 'पण' होता. कोणाचा साडू बसला होता. कोणी औरंगाबादला जाळीच्या बाहेर उभं राहून दोन तास पाहिलं होतं. झुलाल न्हावी म्हणाला की तो एकदा बसणारच होता, पण ते कुठे आणि कसं, हे त्याने सांगितलं नाही आणि माझी अर्धी दाढी बाकी असल्यामुळे मीही विचारलं नाही. रकाना पुरेना म्हणून मी चौथ्याची रेघ तिसऱ्यात सरकवली. तशीही कार्यवाही फार नव्हती.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कुंदाचा फोटो हातात घेतला की प्रत्येक जण म्हणायचा, "ह्यात विमान कुठंय? हा काढून टाका." बहुतेक वेळा हे वाक्य कुंदा चहा ठेवत असतानाच यायचं. ती कप ठेवून आत जायची. मी 'काढून टाका' असं लिहायचो आणि खाली रेघ मारायचो.

मग परवानगी. सरकारी नोकराने बाहेरच्या स्पर्धेत भाग घ्यायचा तर परवानगी लागते. मी अर्ज दिला. अर्ज आवक होऊन माझ्याच टेबलावर आला, कारण असे अर्ज मीच पाहतो. आता साहेबांना वाटू नये की स्वतःच्या बाबतीत मी ढिलाई केली, म्हणून मी नियमाला धरून शंका काढली: अर्जदाराने छायाचित्रे कर्तव्याच्या वेळेत काढली काय? असल्यास त्या वेळी निशाण कोणाकडे होते? मग अर्जदार म्हणून उत्तर दिलं की जेवणाच्या सुट्टीत काढली. ह्यावर जेवणाच्या सुट्टीत विमान कसे उडत होते, अशी पुढची शंका मला सुचली. ती खरोखर बिनतोड होती. खात्याच्या इतिहासात इतकी चांगली शंका कोणी काढली नसेल. पण ती मी कागदावर आणली नाही आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

साहेबांनी सही करण्याआधी फोटो मागवले. "फवारा चालू असलेलेच पाठवा," ते म्हणाले. "बंद दिसला तर वरून विचारणा होते." चौथा रकाना साहेबांना विचारायचं धाडस झालं नाही. शिपायाने परस्पर सांगितलं: नाही, पण साहेब बाईसाहेबांना बसले आहेत असं सांगतात.

एवढे सगळे अभिप्राय झाले तरी खरा जाणकार एकही नव्हता. तेव्हा कोणीतरी धुळ्याच्या हिलाल नानांचं नाव सांगितलं. नाना हवाई दलात अकरा वर्षं होते. मी रजा टाकली आणि एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला निघालो. पारोळ्यापर्यंत शेजारच्या सीटवरच्या दोघांचे अभिप्राय झाले. ते तेविसावा आणि चोविसावा.

नाना बाजेवर बसले होते. फोटो हातात घेतला तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आडवा केला.

"भाऊ, विमान चांगलं शे," नाना म्हणाले. "पन पुढला चाकमा हवा कमी शे."

"चाकात?"

"देख ना. डावा चाक देख."

मी पाहिलं. मग पंखांविषयी विचारलं, उजेडाविषयी विचारलं, विमान फोटोच्या मधोमध असावं का, ते विचारलं. नाना प्रत्येक वेळी खाली चाकाकडेच यायचे. शेवटी कळलं की हवाई दलात नानांचं काम उभ्या विमानाच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचं आणि निघताना तो ओढून काढायचं होतं. अकरा वर्षं.

"ठोकळा काढा का मंग ते जास," नाना म्हणाले. "मी खाले."

त्यांनी हाताने ते कसं जायचं ते दाखवलं. हात वर नेला आणि तो बराच वेळ खाली आणलाच नाही. घरातून सुनेने "नाना, चहा" म्हटल्यावर आणला. चौथ्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आणि पुढचा 'पण' काय लिहावा ते मला सुचलं नाही.

परत आल्यावर मी सगळ्या अभिप्रायांचा मेळ घातला. गर्विष्ठ नाकाचा एक गेला. फवारा बंद असलेला एक गेला. कुंदाचा तर पहिल्यापासून गेलेलाच होता. सातातून तीन गेले, चार उरले. असा नेटका हिशेब आयुष्यात क्वचित लागतो. निगेटिव्ह जीवरामकडे नेले आणि म्हटलं, "जरा उजळून दे. मुंबईला पसंतीला जायचेत."

"पसंतीला?" जीवराम म्हणाला. "मग तुम्ही काळजी सोडा."

पाच दिवस त्याने घेतले. फोटो आले ते पाहायला आमची सगळी आळी जमली. विमान नुसतं तेजाळ, अंगावर कुठे डाग नाही. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आता कोणी नाही म्हणायचं नाही." एकतिसाव्या अभिप्रायानंतर मी वही मिटली, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घातला, वर बाण काढला आणि पाकीट पोस्टात टाकलं. कुंदाने त्या आठवड्यात तिची जांभळी साडी इस्त्रीला दिली. कशाला, ते मी विचारलं नाही. विमानात वारा लागतो का, असं मात्र तिने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी माहीत असल्यासारखं उत्तर दिलं.

दीड महिन्याने पाकीट परत आलं. पुठ्ठा शाबूत होता. चारही फोटो अस्वीकृत. सोबत टाइप केलेला कागद: 'नियम चारप्रमाणे विमानावरील नोंदणीची अक्षरे वाचता आली पाहिजेत. आपल्या चारही छायाचित्रांतील विमानावर एकही अक्षर नाही. हे विमान कोणते, किंबहुना ते खरे आहे की खेळण्यातले, ह्याविषयी परीक्षकांत मतभेद झाले. यापुढे छायाचित्रे पाठवण्यापूर्वी ती एखाद्या जाणकारास दाखवावीत.'

मी फोटो उजेडात धरले. खरंच एक अक्षर नव्हतं. शेपटीजवळ ही मोठी काळी अक्षरं असतात. तीन हंगाम माझ्या डोक्यावरून गेली होती. एकतीस माणसांनी ते विमान नाकापासून चाकापर्यंत पाहिलं होतं, शिवाय मी, आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जीवरामकडे गेलो. तो पेन्सिलला टोक काढत होता.

"अंगावर काळं होतं," तो म्हणाला. "भरून काढलं. फार बारीक काम होतं, शालिग्राम भाऊ, गोंदणापेक्षा अवघड."

"अरे, ते नाव होतं त्याचं."

"पसंतीला जायचंय म्हणालात," तो म्हणाला. "पसंतीला जाताना कोणाच्या अंगावर मी काळं ठेवलेलं नाही आजवर." मी फोटो उचलले आणि निघालो. माझ्या कानांचे उपकार होते.

घरी येऊन मी वही घेऊन बसलो. कुठे चुकलं ते शोधायचं होतं. चौथा रकाना वरून खाली वाचत गेलो: नाही, पण, नाही, पण, नाही, पण. एकतीस ओळी. आणि तेव्हा दिसलं की त्यात कुंदाचं नाव कुठेच नाही. पिंप्राळ्यापासून पारोळ्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. ज्या बाईने त्यातल्या निम्म्यांना चहा दिला, तिला विचारायचं राहिलं होतं.

मी सातही फोटो तिच्यापुढे ठेवले. "तुझा काय अभिप्राय?"

"आता?" ती म्हणाली. ती शेंगा सोलत होती. हात पुसून तिने बाकीचे सहा बाजूला केले आणि स्वतःचा उचलला. "हा कोणी पाठवू दिला नाही तुम्हाला."

"ह्यात विमान नाही ना."

"वर आहे की. मी बघतेय ना त्याच्याकडे." मग माझ्याकडे न बघता, "लहानपणी धरणगावला विमानाचा आवाज आला की आम्ही पळत घराच्या धाब्यावर चढायचो आणि हात करायचो. आई म्हणायची, अगं, त्यांना मुंगीएवढंही दिसत नसणार. मला पंधरा मिनिटांचं काही नव्हतं. वरून दिसतं का, तेवढं बघायचं होतं."

मी हे वहीत लिहिलं नाही. कोणत्या रकान्यात लिहावं ते कळलं नाही.

पुढच्या हंगामात तोच वैमानिक आला. मी कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला आणि सांगितलं, टाकी रिकामी झाली की परतताना जरा उंच जा, गावाच्या कडेला कडुनिंबाजवळ माझ्या सासरचं धाब्याचं घर आहे, बटण दाब. तो हसला. "आप नहीं, तो आपका कॅमेरा सही," म्हणाला. मी निशाण घेऊन बांधावर उभा राहिलो. विमान एकदा वर वर गेलं, वळलं, आणि मी उगाचच, काम नसताना, निशाण हलवत राहिलो.

त्याने तीन फोटो काढले होते. एकात त्याचा गुडघा, एकात पंखाचं टोक. तिसरा तिरका, जरा धूसर. जीवरामने तो छापून हातात दिला तेव्हा दुसऱ्या हातात त्याची शाईची बारीक कुंचली तयार होती.

"इथं शेतात एक पांढरा ठिपका आलाय. धूळ बसली असणार. दोन मिनिटांत भरून देतो."

"राहू दे," मी म्हणालो.

"डाग दिसतो, भाऊ."

"तसाच दे, जीवराम."

कुंदाने फोटो खिडकीपाशी नेला. आधी तिने कडुनिंब शोधला, मग विहीर, मग बोटाने घराची कड धरत ती धाब्यावर आली आणि तिथे बराच वेळ थांबली. मग बोट शेतात उतरलं आणि ठिपक्याशी अडलं.

"हे काय?"

"निशाण," मी म्हणालो. "म्हणजे, मी."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यात कान नाही दिसत," ती म्हणाली.

"नाही."

"पण दिसतं तर वरून."

मग तिनेच फळीवरून वही काढली, माझ्यापुढे ठेवली आणि एकतिसाव्या ओळीखाली बोट टेकवलं. मी तिचं नाव लिहिलं. अभिप्राय, कार्यवाही हे रकाने तिने ओलांडायला सांगितले. चौथ्यात 'नाही' लिहून मी वर पाहिलं.

"पण," ती म्हणाली, "दिसलो आहोत, असं लिहा."